हिच्या हाताखालची नोकरी

मला माझ्या बायकोने नोकरीवर ठेवलं, आणि तेही रीतसर मुलाखत घेऊन, ही गोष्ट मी होऊन कुणाला सांगत नाही. पण आमच्या समोरच्या घरात राहणारे गृहस्थ ती सगळ्यांना सांगतात, आणि तिखटमीठ लावून सांगतात. या गृहस्थांना आमची अख्खी इमारत 'सल्लागार' म्हणते. त्यांनी आयुष्यभर नेमकं कुठलं काम केलं हे कुणालाच ठाऊक नाही, पण कुठलंही काम कसं करावं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तेव्हा त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

आमची ही पडदे शिवते. सुरुवात हौस म्हणून झाली. मग हौसेने बैठकीची खोली गिळली, मग गॅलरी, आणि आता घरात पाहुणा आला तर त्याला कापडाच्या ठाणावर बसावं लागतं. हिच्या मदतीला खालच्या मजल्यावरच्या ताई येतात. ताई आधी कपड्यांच्या कारखान्यात होत्या. तो कारखाना बंद पडला तेव्हापासून त्या कायमच्या नोकरीच्या शोधात. हात असा सफाईदार की शिवण कुठून सुरू झाली ते भिंग लावून शोधावं. पण हिच्याकडे काम असेल तेव्हा असायचं, नसेल तेव्हा नसायचं. त्यामुळे ताईंनी दूरच्या एका शहरात नोकरीसाठी विचारलं होतं, आणि तिकडून 'या' असा निरोपही आला होता. म्हाताऱ्या आईला इथे एकटं सोडून जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण नुसत्या जिवावर येण्याने चूल पेटत नाही ना.

तेवढ्यात नव्या हॉस्पिटलच्या पडद्यांचं काम निघालं. खाटेखाटेभोवती पडदे, खिडक्यांना पडदे, आणि दरवर्षी नवे. हे काम मिळालं तर ताईंना मी कायम करून टाकणार, असं हिने मला सांगितलं आणि ताईंनाही सांगितलं. ताईंनी दूरच्या नोकरीला उत्तर द्यायचं शनिवारपर्यंत लांबवलं. म्हणजे झालं काय, की हॉस्पिटलचा होकार शनिवारच्या आत यायला हवा होता, नाहीतर ताई चालल्या.

ही नमुन्याचा पडदा घेऊन हॉस्पिटलच्या खरेदी विभागात गेली. तिथला कारकून म्हणाला, "बाई, शिलाई उत्तम आहे. पण आमचा नियम आहे. निदान दोन प्रशिक्षित कामगार हवेत. आणि तुम्ही त्यांना नीट वागवता की नाही, ते बघायला आमच्या तपासनीस बाई येतील."

"दोघी आहोत की आम्ही," ही म्हणाली.

"तुम्ही मालक. मालकाला कामगारांत धरत नाहीत."

"पण सगळ्यात जास्त काम तर मीच करते!"

"सगळेच मालक असं म्हणतात," कारकून म्हणाला आणि त्याने चहा मागवला. स्वतःपुरता.

ही घरी आली तेव्हा मी आरामखुर्चीत बसून पेपरातल्या 'पाहिजेत'च्या जाहिराती वाचत होतो. निवृत्त झाल्यापासून माझा तोच उद्योग होता. मी दोन-चार ठिकाणी मुलाखतीही दिल्या होत्या. एका ठिकाणी तर समोर बसलेली मुलगी मला 'काका' म्हणाली. जिथे मुलाखतीतच काका होतो, तिथे पुढे काय होणार ते मला कळलं आणि मी त्यांनी दिलेला चहा पिऊन परत आलो.

"अहो," ही म्हणाली, "मला एक कामगार हवाय."

"मग जाहिरात दे," मी म्हणालो.

"वेळ नाही. तुम्हीच या."

आता मी काही वाटेवर पडलेला माणूस नव्हे. एका मोठ्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागात माझं उभं आयुष्य गेलं. 'कामातला आनंद' या विषयावर मी इतक्या वेळा बोललोय की शेवटी शेवटी लोक माझ्याआधी माझी वाक्यं म्हणायचे. अशा माणसाला 'तुम्हीच या'? मी बाणेदारपणे सांगितलं, "असं वशिल्याने मी येणार नाही. रीतसर मुलाखत घे."

माझा अंदाज होता की ही हसेल. ही हसली नाही. कापायच्या टेबलामागे जाऊन बसली आणि म्हणाली, "बसा. अनुभव?"

"प्रशिक्षण विभाग. उभं आयुष्य."

"म्हणजे नक्की काय करत होतात?"

इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न! मी म्हणालो, "लोकांना कामं शिकवत होतो."

"कुठली?"

"सगळी."

"त्यातलं तुम्हाला स्वतःला कुठलं येतं?"

मी घसा साफ केला. ताई मशीनवर मान खाली घालून शिवत होत्या, पण मशीन बंद होतं हे माझ्या लक्षात आलं.

"चालेल," ही म्हणाली. "ताई शिकवतील. आधी परीक्षेवर ठेवते. काम बघून मग कायम करायचं की नाही ते ठरवीन."

अशा रीतीने मी नोकरीला लागलो. पहिल्याच दिवशी मी माझ्या अनुभवाचा फायदा मालकांना करून दिला. म्हणालो, "घर आणि काम यांत गल्लत करायची नाही. कामाच्या वेळेत तू मला 'अहो' म्हणायचं नाहीस, मी तुला 'मॅडम' म्हणणार. नातं उंबऱ्याबाहेर."

"उंबरा कुठला? घर तर हेच आहे."

"मनातला उंबरा," मी म्हणालो. भाषणात या वाक्याला नेहमी टाळ्या पडायच्या. इथे ताईंनी माझ्या हातात इस्त्री दिली.

इस्त्री, पडद्यांना कड्या लावणं आणि खिडक्यांची मापं आणणं, ही तीन कामं मला शिकायची होती. ताई शिकवायला कडक. मी दुमड इस्त्री करताना सुचवलं की या कामाची आधी एक रूपरेषा आखू या. ताई म्हणाल्या, "साहेब, कापड जळतंय." खरोखरच जळत होतं.

मग मला दातांच्या एका डॉक्टरांकडे माप घ्यायला पाठवलं. मी खिडकीची काच मोजली. इकडून मोजली, तिकडून मोजली, ताडून बघितली. पडदे तयार झाले, मी स्वतः लावायला गेलो, आणि ते खिडकीवर असे ताणून बसले की दोन्ही बाजूंनी पेशंटांची उघडी तोंडं रस्त्यावरून दिसत होती. बसथांब्यावरचे लोक आपापले दात चाचपायला लागले. डॉक्टर म्हणाले, "माझी हरकत नाही, जाहिरात होतेय." पण ही बोलली. बोलली म्हणजे काय बोलली!

"खिडकी मोजायची नसते, रॉड मोजायचा असतो. आणि चुण्या पडायला रुंदीच्या दुप्पट कापड धरायचं. लहान मुलालाही कळतं."

"मॅडम, कामगाराशी या आवाजात बोलू नये," मी थंडपणे म्हणालो. "तक्रार करायची सोय ठेवणं ही मालकाची जबाबदारी असते. तपासनीस बाई विचारतील."

हे मात्र हिला पटलं. तिने बिस्किटांच्या डब्याला चीर पाडून तक्रारपेटी केली. मी उत्साहाने तक्रारी टाकल्या. चहा वेळेवर मिळत नाही. पंखा फक्त ताईंच्या बाजूला आहे. आरामखुर्चीवर अस्तराचं कापड ठेवलं जातं. हिने पेटी उघडली तेव्हा माझ्या तक्रारींच्या ढिगात ताईंची एकच चिठ्ठी निघाली. 'साहेबांना पेटीपासून लांब ठेवावे.' हिने ती तक्रार तातडीने निकालात काढली आणि पेटी कपाटावर ठेवली. एकाच दिवसात तक्रार निवारण झालेली कंपनी मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

तपासणी गुरुवारी ठरली, तेव्हा सल्लागार आपणहून आत आले आणि कापडाच्या ठाणावर बसले.

"पहिली गोष्ट," ते म्हणाले, "नातेवाईक चालत नाहीत. मी कुठेतरी वाचलंय. तुम्ही नवरा-बायको आहात हे कळता कामा नये."

"मी खोटं बोलणार नाही," ही ताडकन म्हणाली. "विचारलं तर सांगणार."

"विचारलं तर सांगा की. पण उगाच स्वतःहून कशाला? दुसरी गोष्ट, आग विझवायचं नळकांडं हवं. माझ्याकडे आहे."

ते लाल नळकांडं त्यांनी गाडीसाठी घेतलं होतं. गाडी विकून त्यांना जमाना लोटला होता. मी ते भिंतीला टेकवून ठेवलं. पण सल्लागार म्हणाले, "अहो, चालतं की नाही बघायला नको? ऐन वेळी दगा दिला म्हणजे?"

चालत होतं. इतकं चालत होतं की थांबेचना. नळकांडं सल्लागारांच्या हातात, सल्लागार स्वतःभोवती गोल फिरतायत, आणि पांढरी भुकटी सगळीकडे. सगळीकडे म्हणजे मुख्यतः हॉस्पिटलसाठी शिवलेल्या निळ्या पडद्यावर. वरच्या मजल्यावरचा माणूस अर्ध्या दाढीला साबण लावलेला तसाच धावत खाली आला आणि "आग! आग!" ओरडत आणखी खाली गेला. त्याच्यामागे सगळी इमारत उतरली. कुणी पिशवी घेऊन, कुणी टीव्ही घेऊन. पुढे तपासणीत 'आगीचा सराव घेता का?' या प्रश्नाला आम्हाला छातीठोकपणे 'हो' म्हणता आलं, ते या प्रसंगामुळे.

संध्याकाळभर ही आणि ताई गच्चीवर पडदे झटकत होत्या. मी शिंकत होतो. ताई झटकता झटकता म्हणाल्या, "राहू द्या हो वहिनी, नसेल नशिबात तर नसेल. आईला समजावीन मी." ही नुसती आणखी जोरात झटकत राहिली. ते ऐकेपर्यंत मी ही नोकरी थोडी गंमत म्हणूनच करत होतो, खरं सांगायचं तर. मी खाली आलो आणि एक काम तरी नीट करायचं ठरवलं. बाहेर पडायच्या मार्गाचा एक मोठा नकाशा काढला, त्यावर बाण काढले, आणि भिंतीवर लावायला खिळा शोधला. भिंत अशी कडक की नवा खिळा जाईना. मग आमच्या लग्नाच्या फोटोच्या खिळ्यावरच, फोटोच्या वर, नकाशा टांगून दिला. नातंही झाकलं गेलं, मार्गही दाखवला गेला.

गुरुवारी तपासनीस बाई आल्या. तरुण, चष्मेवाल्या, आणि बोलायला अतिशय गोड. अशा माणसांची मला नेहमी भीती वाटते. त्यांनी सगळं बघितलं, ताईंशी बोलल्या, आणि म्हणाल्या, "आता या दुसऱ्या कामगारांशी मला एकट्याने बोलायचंय. मालकांनी बाहेर थांबावं."

ही स्वयंपाकघरात गेली. बाईंनी आवाज आणखी मऊ केला. "घाबरू नका. तुम्ही सांगाल ते माझ्यापाशीच राहील. अगदी खरं सांगा. मालकांशी संबंध कसे आहेत?"

"कामापुरते," मी म्हणालो.

"कामाची वेळ काय?"

आता खोटं बोलायचं नाही असं हिनेच बजावलं होतं. "सकाळी उठल्यापासून," मी म्हणालो, "झोपेपर्यंत काही ना काही सांगतातच."

बाईंचं पेन थांबलं. "राहता कुठे?"

"इथेच."

"इथे? कामाच्या जागी?"

"म्हणजे आतल्या खोलीत. तिथेही कापडाचे गठ्ठे आहेत, पण मी सरकून झोपतो."

"पगार?"

"हातात येत नाही. मॅडमच ठेवतात. काही लागलं तर मागायचं."

"आणि देतात?"

"आधी कशाला हवेत ते विचारतात."

बाईंचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, माझ्या प्रामाणिकपणाने त्या भारावल्यात. "तुमची कागदपत्रं, ओळखपत्र वगैरे तुमच्याजवळ आहेत ना?"

"छे! सगळी मॅडमच्या कपाटात. किल्ली त्यांच्याकडे. माझ्याकडून हरवतं म्हणतात."

"साप्ताहिक सुट्टी?"

मला हसूच आलं.

तेवढ्यात मला सणसणीत शिंक आली. पाठोपाठ आतून हिचा आवाज आला, "गोळी घेतलीत का?"

बाई खुर्चीच्या टोकावर आल्या. "कसली गोळी देतात तुम्हाला?"

"रक्तदाबाची. रोज समोर उभं राहून गिळायला लावतात."

"रक्तदाब इथे आल्यापासून आहे?"

मी आठवून बघितलं. "हो, साधारण तेव्हापासूनच."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "काका," त्या म्हणाल्या, "तुम्हाला ही नोकरी सोडावीशी वाटली तर सोडता येते का?"

"सोडून जाणार कुठे?"

"माझ्याबरोबर चला. आत्ता. अंगावरच्या कपड्यांनिशी. पुढचं मी बघते."

मी गांगरलो. मला तपासणीत पास व्हायचं होतं, पळून नव्हतं जायचं! दारात ताई उभ्या होत्या, त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या क्षणी मला कळलं की मी काय घोळ घातलाय. हॉस्पिटलचं काम गेलं, ताईंची नोकरी गेली, आणि हे सगळं मी केलं एकही खोटा शब्द न बोलता.

"तसं नाही हो बाई," मी म्हणालो, "मी इथे सुखात आहे."

"सगळे असंच म्हणतात," त्या दुःखाने म्हणाल्या. मग तपासणीच्या फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न त्यांनी केवळ कर्तव्य म्हणून वाचला. "ही जागा तुम्ही दुसऱ्या कुणाला सुचवाल का?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "दुसऱ्या कुणाला?" मी उभाच राहिलो. "अजिबात नाही! ही जागा माझी आहे! मी काही हिला… मॅडमना सोडून कुठे जाणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला इथे पाऊल टाकू देणार नाही!" असं म्हणत मी भिंतीवर मूठ आपटली.

नकाशा खाली पडला.

मागचा लग्नाचा फोटो तेवढा राहिला. त्यात ही हसतेय आणि मी, नवे बूट चावत असल्यामुळे, वेदनेने बघतोय. तपासनीस बाईंनी फोटो बघितला. मग मला बघितलं. मग आवाज ऐकून हातात पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन धावत आलेल्या हिला बघितलं. फोटो, मी, ही. आणि त्या हसायला लागल्या. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत हसल्या. ताई हसल्या. ही काय झालं ते न कळताच हसली. मी तेवढा माझी प्रतिष्ठा सांभाळत शिंकलो.

"अहो, पण लपवलंत कशाला?" बाईंनी विचारलं.

"नातेवाईक चालत नाहीत ना," मी म्हणालो.

"असं कुणी सांगितलं? नातेवाईक चालतात. फक्त काम यायला हवं."

दाराच्या फटीतून ऐकत असलेल्या सल्लागारांना एकाएकी घरी काहीतरी काम आठवलं.

"मग दाखवा बघू काम," बाई म्हणाल्या. "त्या खिडकीचं माप घ्या."

सगळ्यांनी श्वास रोखला. मी टेप घेतली, खिडकीपाशी गेलो, आणि काचेकडे ढुंकूनही न बघता टेप रॉडला लावली. "खिडकी मोजायची नसते, रॉड मोजायचा असतो," मी म्हणालो. "आणि चुण्यांसाठी कापड दुप्पट. लहान मुलालाही कळतं."

मागे वळलो तर ताई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. आता शिकवलेलं शिष्याला आलं याचा आनंद, की नोकरीचा, ते मी विचारलं नाही.

शनिवारच्या आत होकार आला. ताईंनी दूरच्या नोकरीला 'येत नाही' कळवलं आणि त्यांच्या आईने आम्हा सगळ्यांना पोटभर जेवायला घातलं. होकाराबरोबर एकच अट होती. दुसऱ्या कामगाराला साप्ताहिक सुट्टी द्यावी, आणि सुट्टीच्या दिवशी त्याने कामाच्या जागी थांबू नये.

ही नियमाला पक्की. रविवारी सकाळी तिने मला चहा दिला आणि घराबाहेर काढलं. माझं घर हीच कामाची जागा असल्यामुळे मी जायचं कुठे? सल्लागारांकडे गेलो, तर त्यांनी सुट्टी कशी घालवावी यावर बोलायला सुरुवात केली. मग बागेत जाऊन बाकावर बसलो. सुट्टीची मला भारी हौस होती, पण ऊन उतरेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. कड्या कुणी लावल्या असतील? इस्त्री कोण करत असेल? पंखा तरी कुणाच्या बाजूला असेल?

संध्याकाळी बघतो तर समोरून ही येतेय. हातात थर्मास.

"काय ग, दुकान उघडं टाकून?" मी विचारलं.

"बंद करून आले. मालकाला साप्ताहिक सुट्टी असते का हो?"

"नियमात तरी नाही."

"मग आजपासून घाला." ती बाकावर टेकली, चपला काढल्या आणि पाय लांब केले. आम्ही चहा प्यायलो. समोर मुलं खेळत होती, वारा छान सुटला होता, आणि ही नुसती बसून बघत होती. आयुष्यात मी हिला रिकाम्या हातांनी बसलेली क्वचितच पाहिली असेल. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मौका बघून मी हळूच विषय काढला. "मॅडम, आता माप यायला लागलं. कापडही जळत नाही. मला कायम कधी करताय?"

"नाही करणार," ही म्हणाली.

"का?" माझा चहा सांडला. "ताईंना केलंस की!"

"ताई कायम झाल्या तरी काम करतात." तिने माझ्या हातातला पेला घेतला, पुन्हा भरला आणि मला परत दिला. "तुम्हाला एकदा कायम केलं होतं ना मी, लग्नात. पाहिलं नंतर काय होतं ते."